मसाई मारा : गाडी बंद करून बसलो ती पहाट

पहाटवारा

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि बारा वर्षांची लेक, केनियात मसाई माराला जाऊन आलो. येऊन महिना होत आला, पण तिथल्या दोन पहाटा मनातून हलत नाहीत. सगळं प्रवासवर्णन लिहीत बसत नाही. नैरोबीहून नारोकमार्गे पाच-सहा तासांचा रस्ता, वाटेतला रिफ्ट व्हॅलीचा कडा, यावर बऱ्याच जणांनी लिहिलंय. मला त्या दोन पहाटांबद्दल सांगायचंय आणि शेवटी एक प्रश्न विचारायचाय.

आमचे गाइड पन्नाशीचे मसाई गृहस्थ. पहिल्या रात्री जेवताना त्यांनी सांगितलं, उद्या 'सा कुमी ना मोजा' ला तयार राहा. म्हणजे अकरा वाजता. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मग त्यांनी समजावलं की स्वाहिलीत वेळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, पहाटेचे पाच म्हणजे रात्रीचे अकरा. मारा विषुववृत्तापासून दीडच अंश खाली, त्यामुळे बारा महिने सूर्य साधारण साडेसहालाच उगवतो आणि हे गणित कधी चुकत नाही. सासूबाईंना ते आमच्या आधी उमजलं. म्हणाल्या, "आपल्या पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजतात की." त्यानंतर चारही दिवस त्या आणि गाइडदादा याच घड्याळात बोलत होते.

मारा दीड हजार मीटर उंचीवर आहे. ऑगस्टमधली तिथली पहाट आपल्या महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखी. स्वेटरवर लाल चौकड्यांची शुका (मसाई लोक अंगावर घेतात ती जाड चादर) गुंडाळून आम्ही गाडीत बसलो. सहाला गेट उघडलं.

पहिली पहाट तालेक नदीच्या बाजूला होती. वीस मिनिटांत वायरलेसवर काहीतरी बोलणं झालं आणि गाडी सुसाट निघाली. पोचलो तेव्हा एका वारुळावर चित्त्याची मादी उभी होती. तिच्या पायाशी तीन पिल्लं, पाठीवर राखाडी केसांची झूल पांघरल्यासारखी. तिची नजर समोर चरणाऱ्या थॉमसन गझेलवर (तिकडचं छोटं हरीण) खिळलेली. आणि तिच्याभोवती गाड्या. लेकीने मोजल्या, सत्तावीस. सत्ताविसावी आमची.

ती खाली उतरली, डोकं खांद्यांच्या रेषेत आणून गवतातून पुढे सरकायला लागली. तिचं तोंड कॅमेऱ्यात समोरून यावं म्हणून तीन-चार गाड्या वळसा घालून पुढे गेल्या, नेमक्या ती आणि गझेल यांच्या मधे. गझेल उधळली. ती थांबली, बसली, मागे वळून पिल्लांकडे बघितलं. अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. नऊच्या सुमाराला ऊन तापल्यावर ती झुडपाखाली जाऊन आडवी झाली. लेकीने विचारलं, "आई, आता ती पिल्लांना काय देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या फोनमध्ये त्या चित्त्याचे साठ फोटो होते.

संध्याकाळी नवऱ्याने गाइडदादांशी शांतपणे बोलणं काढलं. म्हणाला, उद्यापासून वायरलेस बंद ठेवला तर? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पाहुणे एवढ्या लांबून येतात, काही दिसलं नाही तर नाराज होतात, तक्रार करतात. तुम्हाला काहीच दिसलं नाही तर चालेल का? नवऱ्याने सांगितलं, चालेल, आणि टिप आत्ताच ठरवून टाकतो, सिंह दिसला तरी तेवढीच, ससा दिसला तरी तेवढीच. तेव्हा ते पहिल्यांदा मोकळं हसले.

तिसऱ्या दिवशी आम्ही पुरुंगट पुलावरून मारा नदीच्या पश्चिमेला, मारा ट्रँगलमध्ये मुक्काम हलवला होता. चौथ्या पहाटे गाइडदादांनी एका एकाकी झाडाजवळ, रस्त्यावरच, गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, वायरलेसचं बटण फिरवलं. म्हणाले, "पोले पोले." सावकाश.

पहिली दहा मिनिटं काहीच नव्हतं. मग कान उघडले म्हणा ना. लांबून एक खोल, घुमणारा हुंकार येत होता, कोणीतरी मडक्यात तोंड घालून बोलावं तसा. मला वाटलं सिंह. गाइडदादा म्हणाले, जमिनीवर चालणारा धनेश, नर आणि मादी आळीपाळीने. सिंह त्यानंतर ओरडला, फार दूरवरून, आणि तो आवाज कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू आला. नदीकडून पाणघोड्यांचं खिदळल्यासारखं घुरघुरणं. रात्रभर चरून ते उजाडायच्या आत पाण्यात परततात. मग विल्डबीस्टची (हरणांच्याच गोतातलं, पण गाईगुरांसारखं दिसणारं जनावर) अखंड गूंगूं, शेकडो जण एकाच वेळी नाकातून बोलतायत अशी. इंजिन चालू असताना यातलं काहीही ऐकू आलं नसतं.

उजेड आधी समोरच्या ओलोलोलो कड्याच्या माथ्यावर पडला, तिथून हळूहळू खाली उतरत गवतावर आला. गवत कमरेएवढं, तांबूस तुऱ्यांचं, आणि प्रत्येक तुऱ्यावर कोळ्याचं जाळं दवाने भरलेलं. झेब्रे गाडीपासून वीस पावलांवर चरत होते. त्यांच्या दातांनी गवत तुटल्याचा कर्र कर्र आवाज येत होता. झेब्रा वरचं जाड, राठ गवत खातो, मागून विल्डबीस्ट मधलं पान खातात आणि त्यांच्या मागून गझेल अगदी जमिनीलगतचा कोवळा फुटवा टिपतात. गाइडदादांनी नुसतं बोट दाखवलं. तिन्ही पंगती एकामागून एक आमच्यासमोर बसलेल्या होत्या.

साधारण सव्वासातला लेक म्हणाली, कुठला तरी पक्षी चिवचिवतोय. तीक्ष्ण, एकेकटी चिव, मधे थांबून पुन्हा चिव. मी आकाशात शोधत होते. गाइडदादांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून उजवीकडे बघायला सांगितलं. साठेक पावलांवर गवतात चित्त्याची मादी उभी होती. आवाज तिचा होता. ती पिल्लांना हाक मारत होती.

आणि जिथे आम्ही पाऊण तास बघत होतो, जिथे आम्हाला नुसतं गवत दिसत होतं, तिथून दोन डोकी वर आली. तसाच बारीक आवाज काढत ती पिल्लं तिच्याकडे पळाली. तिने एकेकाचं तोंड चाटलं. तिच्या हनुवटीखालचे केस दवाने ओले होऊन टोकाटोकांनी गोळा झालेले दिसत होते. आम्ही कोणी कॅमेरा उचलला नाही. सासूबाईंनी हात जोडले होते. थोड्या वेळाने ती पिल्लांना घेऊन एका कोरड्या ओढ्यात उतरली, आम्ही मागे गेलो नाही. अजून चाळीस मिनिटं तिथेच बसून राहिलो. तेवढ्यात उजवीकडून एक मोठा पक्षी अगदी सावकाश पावलं टाकत गेला. राखाडी लांब मान, डोक्यावर मागे वळलेला काळा तुरा, उंची लेकीच्या छातीपर्यंत. 'कोरी' एवढंच कळलं.

आता प्रश्न. इथे बरेच जण तिकडे जाऊन आलेत, काही जण राहतात. गाइडला 'गर्दीत नेऊ नका' असं सांगणं कितपत रास्त आहे? आपल्या हट्टापायी त्याची अडचण तर होत नाही ना? आणि असं नुसतं बसून राहणं आणखी कोणी केलंय का?

निसर्गवेल

वाचताना अंगावर काटा आला. चित्ता चिवचिवतो हे माहीतच नव्हतं. सासूबाईंचं वय काय? माझी आई बहात्तरची आहे, गुडघे दुखतात. तिला नेऊ का, या विचारात दोन वर्षं गेली.

पहाटवारा

@निसर्गवेल, सासूबाई एकोणसत्तर. चालणं जवळजवळ नाहीच, पण गाडीत हादरे पुष्कळ. कमरेला पट्टा आणि बसायला उशी घेतली होती. मधल्या सीटवर बसवा, मागची सीट फार उडते. घेऊन जा, खरंच.

नैरोबीकर

मी सोळा वर्षं नैरोबीत आहे, वर्षातून दोनदा तरी माराला जातो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर : सांगणं शंभर टक्के रास्त आहे आणि बहुतेक गाइडना ते हवंच असतं. कोणीतरी आधी बोलायला पाहिजे एवढंच. टिपेचं तुमच्या यजमानांनी आधीच सांगून टाकलं हे फार चांगलं केलं. गाइडच्या पगारापेक्षा त्याची टिप बऱ्याचदा जास्त महत्त्वाची असते आणि ती पाहुण्याच्या चेहऱ्यावर अवलंबून असते. तो गर्दीत जातो कारण न जाण्याचा धोका त्याला परवडत नाही.

नियम आहेत. एका प्राण्याजवळ एका वेळी पाच गाड्या, किमान पंचवीस मीटर अंतर, बाकीचे थांबले असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची. रस्ता सोडून गवतात गाडी घालायला अभयारण्यात बंदी आहे. ट्रँगलचा कारभार २००१ पासून मारा कन्झर्व्हन्सी ही वेगळी संस्था बघते आणि तिथे हे नियम जास्त काटेकोरपणे पाळले जातात. तुमच्या दोन पहाटांमधला थोडा फरक त्याचाही आहे हे लक्षात घ्या.

अभयारण्याला लागून नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशी कन्झर्व्हन्सी आहेत. ती सरकारी नाहीत. जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे, तिथले कॅम्प त्यांना दरमहा भाडं देतात आणि त्या बदल्यात कुटुंबं तिथे कुंपणं घालत नाहीत, वस्ती करत नाहीत. किती खोल्या, किती गाड्या हे ठरलेलं असतं. महाग पडतं, पण पैसा थेट जमीनवाल्याच्या हातात जातो. मला तरी हा मार्ग जास्त पटतो.

भटकभवानी

+१. खर्चाबद्दल कोणीतरी नीट सांगा ना. प्रवेश फी एवढी वाढलीय असं ऐकलं.

नैरोबीकर

@भटकभवानी, २०२४ पासून परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १०० डॉलर. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असं बारा तासांचं. त्यामुळे निघायच्या दिवशी उशीर केलात तर आणखी एका दिवसाचे पैसे जाऊ शकतात, गाइडला आधीच विचारून ठेवा. नदी ओलांडणारे कळप बघायचा हट्ट नसेल तर जानेवारी-फेब्रुवारीत या. फी निम्मी, गर्दी कमी, आणि सिंह, चित्ते, हत्ती कुठेही जात नाहीत. ते बारा महिने इथेच असतात.

येताना पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. भारतात परतताना ते विचारतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. आणि प्लास्टिकच्या पिशव्या आणू नका. २०१७ पासून देशभर बंदी आहे. अभयारण्यात तर २०२० पासून एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत.

वऱ्हाडी_माळी

ताई, तुम्ही प्रतिसादात टाकलेला त्या एकाकी झाडाचा फोटो मोठा करून बघितला. काटे सरळ, हिरवे, पान जोडीजोडीने. तो हिंगण आहे हो! हिंगणबेट म्हणतात आमच्याकडे. शास्त्रीय नाव बॅलॅनाइट्स. माराच्या मोकळ्या गवतात एकटंच उभं दिसतं ते झाड बऱ्याचदा हेच असतं. आमच्या शेताच्या बांधावर दोन आहेत. आजी त्याच्या फळाच्या गराने रेशमी लुगडी धुवायची, साबणासारखा फेस होतो. आफ्रिकेत त्याचा खालचा घेर कात्रीने कापल्यासारखा सरळ दिसतो कारण जिराफ मान पोचेल तिथवर खातो. आमच्याकडे तेच काम शेळ्या करतात, फक्त रेघ खाली येते.

पहाटवारा

@वऱ्हाडी_माळी, काय सांगताय! मी त्याला बाभळीचाच प्रकार समजत होते. लेकीला वाचून दाखवलं, आता तिला तुमचं शेत बघायचंय.

वऱ्हाडी_माळी

आणा की. उन्हाळ्यात या, फळं खाली पडलेली असतात.

सहलसोबती

मी दहा वर्षं ग्रुप टूर घेऊन जातो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. माझ्यासोबत अठरा-वीस माणसं, तीन-चार गाड्या. पहिल्या गाडीला बिबट्या दिसला आणि चौथीला नाही, तर जेवणाच्या टेबलावर त्या चौथ्या गाडीतल्या माणसांचे चेहरे मी बघितलेत. त्यांनी आयुष्यभराची बचत लावलेली असते. 'बिग फाइव्ह' ची यादी घरूनच करून आणतात. मी गाइडला कसा सांगू, नेऊ नका म्हणून?

तरीही तुमची पहिली पहाट वाचून मला माझ्या २०१९ च्या ग्रुपची आठवण झाली. अशाच गराड्यात आमच्या चारही गाड्या होत्या. त्या दिवशी मी काही बोललो नाही. ते माझ्या मनात राहिलंय.

गवताभ्यासक

@सहलसोबती, ती बिग फाइव्हची यादी शिकाऱ्यांची आहे. पायी जाऊन मारायला सगळ्यात धोकादायक पाच जनावरं : सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, म्हैस. चित्ता त्यात नाही, जिराफ नाही. बंदुकीसाठी केलेली यादी कॅमेऱ्यासाठी कशाला वापरायची, एवढं पहिल्या रात्री ग्रुपला सांगितलं तरी फरक पडेल.

आणि गर्दीबद्दल भावनेपलीकडचा पुरावा आहे. मारातच २०१३ ते २०१७ या काळात चित्त्यांच्या माद्यांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांच्या गाड्या जास्त, तिथे एका मादीने स्वतंत्र होईपर्यंत वाढवलेली पिल्लं सरासरी ०.२. जिथे गाड्या कमी, तिथे २.३. गाड्या पिल्लांना चिरडतात असा त्याचा अर्थ नाही. शिकार हुकते, खाताना तरस-सिंहांचं लक्ष वेधलं जातं, आई सारखी जागा बदलते. चित्ता दिवसा शिकार करतो तो मुळात सिंह आणि तरसांना टाळण्यासाठी. पहाटेचे आणि उतरत्या उन्हाचे दोन-तीन तास, एवढीच त्याची मुदत. आणि नेमक्या त्याच वेळेला आपण गेटमधून आत येतो.

कॅमेरावाला

वरचा शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो. इतकी वर्षं पहाटेचा प्रकाश चांगला म्हणून गेट उघडल्या उघडल्या पळतोय.

फोटोंबद्दल एक अनुभव. थांबून राहिलात तर फोटोही चांगले येतात. प्राणी तुमच्याकडे येतो, मानेत ताण नसतो, कान मोकळे असतात. पाठलाग करून घेतलेल्या प्रत्येक फोटोत त्याचे कान गाडीकडे वळलेले दिसतात, एकदा तपासून बघा. ट्रायपॉड नेऊ नका, छत उघडणाऱ्या गाडीत त्याला जागा नसते. कापडी पिशवी रिकामी न्या, नारोकला दुकानात दोन किलो तांदूळ घेऊन त्यात भरा, गाडीच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. निघताना तांदूळ कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या. निळे आणि काळे कपडे टाळा, झाडीतल्या त्सेत्से माशा त्या रंगांवर येतात आणि चावा कपड्यातून लागतो.

करवीरकर

चित्त्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या कोल्हापुरात संस्थानी काळात चित्ते पाळले जायचे आणि त्यांच्याकडून माळावर काळवीट धरले जायचे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपरं चढवून बैलगाडीतून माळापर्यंत न्यायचे, कळप दिसला की टोपरं काढून सोडायचे. हे काम करणाऱ्या माणसांना चित्तेवान म्हणत. विसाव्या शतकात आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवले जाऊ लागले. म्हणजे २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोला आले त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकन चित्ते कोल्हापूरच्या माळावर धावलेत.

माझे पणजोबा ते बघायला गेले होते. त्यांच्याकडून आजोबांनी ऐकलेलं आणि मला सांगितलेलं एकच वाक्य आठवतं : "धरला की लगेच खात न्हाई, धापा टाकत बसतो. तवा माणसानं त्येच्याजवळ जाऊ ने." तुम्ही गाडी हलवली नाहीत हे वाचलं आणि आजोबा आठवले.

गुरांचा_डॉक्टर

फार चांगला धागा. त्या 'अखंड गूंगूं' बद्दल थोडं. आज सेरेंगेटी आणि मारा मिळून बारा-तेरा लाख विल्डबीस्ट फिरतात असं आपण सहज म्हणतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते साधारण अडीच लाख होते. फरक कशाने पडला? बुळकांडीने, म्हणजे गुरांच्या त्या जीवघेण्या साथीच्या रोगाने. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हा शब्द अजून आठवेल, गावंच्या गावं बैलांविना व्हायची.

१८९० च्या दशकात बुळकांडी पूर्व आफ्रिकेत शिरली. मसाईंची गुरं मेली, माणसं उपाशी मेली, रानातले विल्डबीस्ट आणि म्हशीही मेल्या. पुढे कित्येक दशकं दरवर्षी त्यांची पाडसं त्यात जायची. मग भोवतालच्या मसाई गुरांना लस टोचायला सुरुवात झाली. रानातल्या एकाही जनावराला कोणी सुई लावली नाही, पण गुरांमधून रोग गेला तसा रानातूनही गेला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कळप तेरा लाखांच्या घरात पोचले. एवढी तोंडं गवत खायला लागल्यावर वाळक्या गवताचे वणवे कमी झाले, वणवे कमी झाल्यावर रोपं जगून झाडं वाढली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने कायमचा संपवलेला हा दुसराच रोग.

मी नोकरीची पहिली वर्षं गावोगाव बुळकांडीची लस टोचत काढली. पाच वर्षांपूर्वी मुलाने सेरेंगेटीला नेलं. त्या पहाटे गाडीच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत विल्डबीस्ट होते. मी मुलाला काही सांगू शकलो नाही, घसा भरून आला होता.

निसर्गवेल

डॉक्टरकाका, हे तुम्ही स्वतंत्र धागा काढून लिहा, कृपया.

पहाटवारा

काका, नमस्कार. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांच्या माहेरी बुळकांडीत एका रात्रीत दोन बैल गेले होते, ते त्यांच्या आईकडून ऐकलेलं त्यांना आठवलं. बराच वेळ त्याच विषयावर बोलत होत्या.

@सहलसोबती, तुम्ही जे मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार. माझीही सत्ताविसावी गाडी होतीच, तेव्हा मी कोणाला दोष देत नाहीये. एक सुचवू का? चार दिवसांतली एकच पहाट 'न बोलता बसायची' म्हणून कार्यक्रमातच छापून टाका. आधी सांगितलेलं असलं की माणसं तयार असतात. आमची लेक पहिल्या दिवशी दर पाच मिनिटांनी 'आता कुठे जायचं' विचारत होती. चौथ्या पहाटे तिच्याच कानाने चित्ता शोधला.

सहलसोबती

जानेवारीच्या ग्रुपमध्ये करून बघतो. कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या दिवसासमोर तेच लिहितो. कसं झालं ते इथेच सांगेन.

सोलापूरची_लेक

धागा उशिरा वाचला. पहाटवारा, तो शेवटचा पक्षी, राखाडी मान, मागे वळलेला तुरा, सावकाश चाल. तो कोरी बस्टर्ड. आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊ म्हणा, दोघंही एकाच जीनसमधले, आर्डिओटिस. नर अठरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये एवढे वजनदार फार थोडे.

माझं माहेर सोलापूरकडच्या नान्नजजवळ. १९७९ मध्ये आमच्याकडे माळढोकासाठी अभयारण्य झालं, तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. लहानपणी बाबा मला पहाटे सायकलवर पुढे बसवून माळावर न्यायचे. ते शिक्षक होते, पक्ष्यांचं शास्त्रीय शिक्षण काही नव्हतं. एका बांधाआड बसायचो. बोलायचं नाही, शेंगदाण्याचा लाडूसुद्धा चावायचा नाही, तोंडात धरून विरघळवायचा. आणि मग नर माळढोक गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उलटी टाकून उभा राहायचा. त्याचा हुंकार तुम्ही त्या धनेशाचा वर्णन केलाय तसाच, मडक्यात बोलल्यासारखा.

आता देशात उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. आमच्याकडे माळ कमी झाला, ऊस आला, विहिरी आल्या, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, जड अंगाने वळता येत नाही, तारेवर आदळतो. सरकारी कागदात माळरानाला 'पडीक' म्हणतात. पडीक म्हटलं की तिथे काहीही आणून ठेवता येतं. तुमच्या फोटोतलं ते तांबूस तुऱ्यांचं गवत, थीमेडा, तेही आपल्याकडे आहे. तिकडे ते बघायला माणूस दिवसाला दोनशे डॉलर देतो.

बाबांना तुमचा धागा फोनवर वाचून दाखवला. ते आता ऐंशीचे आहेत. कोरीचं वर्णन आलं तिथे म्हणाले, "पुन्हा वाच."

नैरोबीकर

पुढच्या वेळी कोरी दिसला की गाडी थांबवेन. इतकी वर्षं त्याला ओलांडून सिंहाकडे जात होतो.

पहाटवारा

@सोलापूरची_लेक, मी तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी पुण्यात वाढले, सोलापूरला असंख्य वेळा आले, आणि नान्नजला एकदाही गेले नाही. आफ्रिकेत जाऊन ज्या पक्ष्याचं पूर्ण नावही विचारलं नाही त्याचा भाऊ चार तासांवर होता. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं यायचं म्हणतोय. माळढोक दिसणार नाही हे मनाशी धरूनच. पहाटे बसायला मिळतं का? आणि बाबांना भेटता येईल का?

सोलापूरची_लेक

जरूर या. सोलापुरात मुक्काम करा, नान्नज वीसेक किलोमीटर आहे, पहाटे पाचला निघालात तरी पुरे. परवानगीचं मी आधी बघून ठेवते. काळवीट दिसतील, नशीब असेल तर लांडगा, धाविक (माळावरचा छोटा पक्षी) तर गवतातून पळताना दिसेलच. चंडोल उजाडायच्या आधीपासून गायला लागतात, ते तुमच्या लेकीला आधी ऐकू येतील.

बाबा यायचं म्हणतायत. सायकल नाही, गाडीतून आणेन. लाडू आई करणार आहे. तुम्ही ती लाल चौकड्यांची चादर तेवढी आणा, माळावर पहाटे वारा फार गार असतो आणि बाबांना ती बघायचीय.